उद्घाटन 28 फेब्रुवारीला होऊ दे, प्रयोगशाळा मात्र सवडीने हलवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमची संस्था सरकारी नाही, कुठल्या विद्यापीठाशी जोडलेलीही नाही. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी, वीस-बावीस माणसं, हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह, बुरशी आणि जिवाणूंची कल्चर्स, म्हणजे वाढवून जिवंत जपलेले नमुने, एक लहानशी रसायन प्रयोगशाळा. इतकी वर्षं हे सगळं भाड्याच्या बंगल्यात चाललं. आता एका देणगीदारामुळे स्वतःची दुमजली इमारत झाली आहे, गिलावा डिसेंबरात संपला, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनी उद्घाटन ठरलं आहे. बंगल्याच्या मालकांना मार्चअखेर जागा सोडतो असं तुम्ही कळवून टाकलं आहे. समारंभ कसा आखावा आणि महिन्याभरात सामान कसं न्यावं, असं तुम्ही विचारलंत.

प्रयोगशाळांची आखणी आणि स्थलांतर हेच माझं काम आहे, म्हणून मनापासून सांगते: तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तारखा एकमेकींत अडकल्या आहेत. उद्घाटनाची तारीख लोकांसाठी असते. कामाची तारीख भिंतींची ओल, विजेची खात्री आणि नमुन्यांची प्रकृती ठरवते. खरा प्रश्न असा आहे की इतक्या वर्षांचं संशोधन न थांबता आणि न बिघडता नव्या जागेत कसं न्यायचं, आणि ती जागा पुढे स्वतःच्या पैशावर कशी चालवायची. पहिला प्रश्न वर्षभराचा आहे, दुसरा कायमचा.

म्हणून सगळ्यात आधी बंगल्याच्या मालकांशी बोला आणि दिवाळीपर्यंतची मुदत मागा. सात-आठ महिन्यांचं जादा भाडं विश्वस्तांना खटकेल हे मला ठाऊक आहे. पण बुरशी लागलेला एक टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून एखाद्या जातीचं पहिलं वर्णन झालं तो नमुना, कितीही पैसे टाकले तरी परत मिळत नाही. भाड्याचा हिशेब त्याच्यासमोर ठेवून करा.

घर नसलं तरी काम चालू राहतं, हे आपल्याकडच्या मोठ्या संस्थांनी दाखवून दिलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था 1945च्या जूनमध्ये बंगळुरूला, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली, 1949मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये गेली. कुलाब्याच्या इमारतीची कोनशिला नेहरूंच्या हस्ते 1954च्या 1 जानेवारीला बसली आणि उद्घाटन 15 जानेवारी 1962ला झालं. मधली आठ वर्षं कुणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचंही तसंच. संस्था 1988ची, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या वास्तूचं लोकार्पण खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते 28 डिसेंबर 1992ला झालं. संस्थापक संचालक नारळीकरांनी माणसं जमवणं आणि विद्यापीठांशी नातं जोडणं इमारतीसाठी अडवून ठेवलं नाही. तुमच्याकडे तर कामाची घडी आधीच बसलेली आहे. ती मोडू नका, एवढंच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही गावाचं नाव लिहिलेलं नाही. कोकणात किंवा घाटमाथ्याजवळ असाल तर माझा सल्ला अगदी तंतोतंत पाळा. सोलापूर, अहिल्यानगरच्या बाजूला असाल तर ओलीची काळजी कमी, पण उन्हाळ्यातली वीज आणि वरच्या मजल्याचं तापणं जास्त. हर्बेरियम कुठल्या मजल्यावर आखलाय, रस्त्यावरून जड वाहनं किती जातात, शेजारी पोल्ट्री किंवा साखर कारखाना आहे का, यावरही बरंच बदलतं.

ओलीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या संग्रहाचा खरा शत्रू तीच आहे. नव्या स्लॅबमध्ये आणि गिलाव्यात कोंडलेलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतं. भिंत हाताला कोरडी लागते, रंगही छान बसतो, आणि बंद लोखंडी कपाटात मात्र हवा दमट होत जाते. वाळलेलं पान आणि त्याखालचा कागद हे दोन्ही ती ओल शोषून घेतात. पाहण्याची सोपी रीत अशी: दीड फूट बाय दीड फुटाचा जाड, पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा घ्या, फरशी बसवण्याआधी कोब्यावर आणि बाहेरच्या भिंतीवर आतून लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून बारीक थेंब जमले असतील किंवा खालचा सिमेंटचा रंग गडद झाला असेल तर जागा तयार नाही. हर्बेरियमच्या खोलीत हे चारही कोपऱ्यांत करा. पश्चिमेच्या भिंतीवर तर नक्कीच करा.

एप्रिल-मेच्या उन्हाने भिंती वाळतील, मग तेव्हाच का नेऊ नये, असं तुम्ही विचाराल. कारण तोवर इमारतीने पाऊस पाहिलेला नसेल. गच्चीवर पाणी साठवून दोन-तीन दिवस ठेवण्याची चाचणी कंत्राटदार करून देतो, आणि ती घ्याच. पण त्यात खिडकीच्या चौकटीतून वाऱ्याबरोबर आत येणारं पाणी कळत नाही. पाइप भिंतीतून जातो तिथली फट कळत नाही, पागोळीचं पाणी जोत्याशी साचतं का तेही कळत नाही. हे फक्त जुलै दाखवतो. पावसाळाभर त्या खोलीत रिकामी कपाटं, आतमध्ये कोरे हर्बेरियम कागद आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. आठवड्यातून दोनदा नोंद करा. सापेक्ष आर्द्रता 55 टक्क्यांच्या वर टिकून राहत असेल तर आधी आर्द्रताशोषक यंत्राची सोय, मग संग्रह. ऑक्टोबर उजाडला की हलवा.

हलवताना गठ्ठे जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांत आठवडाभर ठेवा आणि मगच नव्या कपाटात लावा, म्हणजे जुन्या बंगल्यातली कीड सोबत येणार नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, तशीच राहू द्या, नाहीतर गार पानांवर दव धरतं. तुमचे फ्रीझर लहान असल्याने हे टप्प्याटप्प्यानेच होईल. घाई न करण्याचं तेही एक कारण आहे. गठ्ठ्यांवर नवा क्रमांक घालण्याचा मोह होईल. स्थलांतर चालू असताना तो टाळा. जुना क्रमांक तसाच ठेवा आणि फक्त नव्या कपाटाची नोंद वहीत जोडा.

कल्चर्सचं गणित वेगळं आहे. त्यांना ओलीपेक्षा विजेची भीती. सगळा साठा एका दिवशी, एका गाडीतून कधीही नेऊ नका. प्रत्येक कल्चरच्या दोन प्रती करा, शक्य असेल तिथे गोठवून वाळवून ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या बंद कुपीत. पहिली प्रत नव्या जागी न्या, काही निवडक कल्चर्स वाढवून पाहा, ती शुद्ध आणि जिवंत आहेत याची खात्री झाली की मग दुसरी हलवा. ज्या कल्चर्सवर तुमचे शोधनिबंध उभे आहेत, त्यांची तिसरी प्रत बाहेर ठेवा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. शं. पु. आघारकर 1946मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करणाऱ्यांतले आणि तिचे पहिले संचालक. 1992पासून संस्थेला त्यांचंच नाव आहे. नमुने जमा करण्याची रीत तिथे विचारा. अशा संस्था आपल्यासारख्यांसाठीच आहेत.

उणे 80 अंशांचा फ्रीझर उभाच न्यायचा. हमाल तो आडवा करायला बघतील, तेव्हा तुमचा माणूस तिथे हजर हवा. आडवा किंवा फार तिरका झाला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. मग उभा करून पुरेसे तास थांबल्याशिवाय तो चालू करता येत नाही. तुमच्याकडे असा एकच असेल तर हलवण्याच्या आठवड्यापुरता दुसरा उसना घ्या. नव्या जागी फ्रीझर आधी रिकामा दोन दिवस चालवा, तापमानाची नोंद ठेवा, नमुने त्यानंतर भरा.

विजेबद्दल एक चाचणी मी प्रत्येक ठिकाणी करायला लावते. समारंभाच्या निदान पंधरा दिवस आधी, कामाच्या वेळी, सगळी यंत्रं चालू असताना मेन स्विच पाडा. मग प्रत्येक खोलीत एक माणूस वही घेऊन उभा राहू दे: काय बंद पडलं, जनरेटरवर काय आलं, किती सेकंदांनी आलं, काय आलंच नाही. एका संस्थेत अशी चाचणी घेतली तेव्हा जनरेटर झटक्यात सुरू झाला, सभागृहाचे दिवे आणि वातानुकूलन चालू राहिलं आणि कल्चर ठेवलेला फ्रीझर बंद. वायरमनने आराखड्यातलं ठळक नाव पाहून सभागृहाला प्राधान्य दिलं होतं. दुरुस्ती एका दुपारची होती, पण कळलं ते चाचणी घेतल्यामुळे. अर्थिंगही त्याच वेळी मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून मागा.

रसायन प्रयोगशाळेत तुम्ही दोन फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटं, घेतल्याचं लिहिलं आहे. इथे स्वतंत्र संस्थेचा पैसा कसा वाहून जातो ते पाहा. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर लागतो. दीड मीटर रुंदीच्या हूडची काच 45 सेंटीमीटर वर असेल तर तासाला सुमारे 1200 घनमीटर हवा बाहेर फेकली जाते. पाच बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीतली सगळी हवा तासाला वीस वेळा बदलली असा त्याचा अर्थ. ती हवा तुम्ही एसीने गार केलेली असेल तर विजेचं बिल काय येईल ते वेगळं सांगायला नको. खोलीत तेवढी हवा आत येण्याची वाट नसेल तर दार उघडताना ओढ लागते आणि हूडमधला वास उलटा आत येतो. म्हणून हूडच्या खोलीला एसी आवश्यक आहे का हे आधी ठरवा, बाहेरची हवा गाळून आत घेण्याची सोय करा, काच वापर नसताना खाली ओढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. धुराची कांडी पेटवून हूडच्या तोंडाशी धरली की ओढ नीट आहे का ते डोळ्यांनी दिसतं.

जुन्या रसायनांच्या कपाटाबद्दल मात्र हात जोडून सांगते. ते हमालांच्या हाती देऊ नका. वनस्पतींच्या किंवा ऊतींच्या छेदांचं काम जिथे पूर्वी झालं आहे, तिथे मागच्या फळीवर पिक्रिक ॲसिडची बाटली असण्याची शक्यता बरीच असते. ते ओलं ठेवलेलं असतं तोवर ठीक, वाळलं की स्फोटक. झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर बाटली उचलू नका, झाकण फिरवू नका, खोली बंद करा आणि या कामातल्या जाणकारांना व अग्निशमन दलाला कळवा. उघडून वर्षं झालेल्या ईथरच्या बाटल्यांचंही तेच, त्यांत स्फोटक पेरॉक्साइड साठतं. स्थलांतराच्या दोन महिने आधी तुमच्यातल्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञाने एकेक बाटली नुसती पाहून यादी करावी. ज्या लागणार नाहीत त्या परवानाधारक संस्थेकडून नष्ट करून घ्याव्यात. नव्या घरात जुना धोका न्यायचं काही कारण नाही.

द्रव नायट्रोजन वापरत असाल तर एक नियम भिंतीवर लावा: डबा लिफ्टमध्ये असताना माणूस लिफ्टमध्ये नाही. एका लिटरचे सुमारे सातशे लिटर वायू होतात आणि बंद जागेतला प्राणवायू हटतो.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, ते तुमचे वकील आणि सनदी लेखापाल बघतील. फक्त भोगवटा प्रमाणपत्राशिवाय आत काम सुरू करू नका. नवी स्थावर मिळकत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टने, म्हणजे बदलाच्या अर्जाने, 90 दिवसांत नोंदवा. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी आणि जुलैत लागतो हे कॅलेंडरवर मांडून ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती जुन्या पत्त्यावर असेल तर ती आपोआप नव्या पत्त्यावर येत नाही.

आता नवी जागा स्वतःच्या पैशावर चालवायची कशी. बंगळुरूला रामन यांनी 1948मध्ये स्वतःची संस्था सुरू केली आणि हयात असेपर्यंत सरकारी अनुदानाच्या अटींपासून ती दूर ठेवली. सुरुवातीला वीज आलेली नव्हती, तेव्हा आरशाने सूर्यप्रकाश आत घेऊन प्रकाशाचे प्रयोग केले. मला त्या स्वाभिमानाबद्दल फार आदर आहे. पण रामन 1970मध्ये गेले आणि 1972मध्ये संस्थेची फेररचना होऊन ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर आली. म्हणजे एका थोर माणसाच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या संस्थेलाही पुढच्या पिढ्यांसाठी नियमित पैशाची व्यवस्था करावी लागली. तुमची संस्था स्वतंत्र राहावी असं तुम्हाला मनापासून वाटतं, ते पत्रातून दिसतं. मग इमारतीसाठी जमलेल्या दर दहा रुपयांतला निदान एक देखभाल निधीत ठेवा आणि त्याला हात लावायला विश्वस्तांचा एकमताचा ठराव लागेल अशी अट घाला. देणगीदार सभागृहाला नाव द्या म्हणतात. त्यांना समजावून सांगा की जनरेटर, फ्रीझर आणि गच्चीची दुरुस्ती यांसाठीच्या निधीला नाव देणं हा जास्त मोठा मान आहे. शांतपणे सांगितलं तर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

माणसांचीही जागा आखा. कॅलिफोर्नियात ला होया इथे पोलिओची लस काढणाऱ्या जोनास साल्क यांची संस्था आहे. वास्तुविशारद लुई कान यांनी 1965मध्ये पूर्ण केलेल्या त्या वास्तूत प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर नळ, तारा, हवेचे मार्ग यांसाठी सुमारे नऊ फूट उंचीचा वेगळा मजला आहे. त्यामुळे संशोधन बदललं तरी भिंती फोडाव्या लागत नाहीत. तुम्हाला वेगळा मजला परवडणार नाही, पण नळ आणि तारा भिंतीत न पुरता उघड्या ट्रेमधून नेणं आजही शक्य आहे. फरशीचं काम सुरू व्हायच्या आत सांगा. इंग्लंडात केंब्रिजला मॅक्स पेरुत्झ यांच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची इमारत 1962मध्ये उघडली तेव्हा त्यांनी कँटीनवर विशेष भर दिला, त्यांची पत्नी गिझेला तिथलं बघायच्या. वेगवेगळ्या गटांची माणसं रोज चहाला एका टेबलाशी यावीत हा हेतू. त्याच शहरातल्या न्यूटन गणित संस्थेत लिफ्टमध्येसुद्धा फळा आहे. तुमच्या नकाशात चहाची जागा मागे, पंपाच्या खोलीशेजारी दाखवली आहे. ती जिन्याजवळच्या मोकळ्या चौकात आणा, एक मोठा फळा आणि चार बाकं ठेवा. बंगल्यात ओट्यावर उभं राहून जे बोलणं व्हायचं, ते दुमजली इमारतीत आपोआप होणार नाही. वनस्पतीवाले खाली आणि जिवाणूवाले वर असे महिनाभर भेटणार नाहीत.

तर क्रम असा धरा. उद्घाटन 28 फेब्रुवारीलाच, सभागृह, ग्रंथालय आणि एक प्रयोगशाळा दाखवण्याजोगी करून. मार्चमध्ये कार्यालय. एप्रिल-मेमध्ये रसायन विभाग, विल्हेवाट झाल्यावर. कल्चर्सची पहिली प्रत जूनच्या आत, दुसरी खात्री पटल्यावर. हर्बेरियम पावसाळ्यानंतर. तराजू आणि इतर मोजमापाची उपकरणं जशी हलतील तशी नव्या जागी पुन्हा कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून, घ्या. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे वहीत वेगळे ठेवा, नाहीतर एखाद्या दीर्घ प्रयोगातला फरक झाडाचा की तराजूचा हे सांगता येणार नाही.

समारंभात काय करावं हेही विचारलं होतंत. पाहुण्यांची भाषणं कमी ठेवा आणि संस्थेतल्या माणसांना बोलू द्या. नमुने गोळा करायला डोंगर तुडवणारे तुमचे मदतनीस, कल्चर सांभाळणारी प्रयोगशाळा सहायक, जुने निवृत्त सहकारी, यांना पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांच्याकडून प्रत्येकी एक नमुना लोकांना दाखवायला सांगा. गावातल्या शाळेची मुलं दुपारी बोलवा, सूक्ष्मदर्शक त्यांच्या हाती द्या. हारतुऱ्यांचा खर्च वाचेल तो फ्रीझरच्या तापमानाची सूचना मोबाइलवर देणाऱ्या यंत्रावर घाला.

यापुढे नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: गावाचं नाव, हर्बेरियमची खोली कुठल्या मजल्यावर आणि कोणत्या दिशेला आहे, महावितरणकडून किती किलोवॉटचा भार मंजूर झाला आहे, आणि जनरेटर किती केव्हीएचा घेतला आहे. एवढं कळवलंत की कपाटांची मांडणी आणि जनरेटरवर घ्यायच्या यंत्रांचा क्रम मी काढून देईन. तोवर मालकांना मुदतवाढीचं पत्र मात्र याच आठवड्यात द्या.